रस्ते अपघातातील जखमी आणि मृतांच्या कुटुंबीयांसाठी: भरपाईच्या दाव्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघातानंतरचे पहिले काही दिवस दवाखाना, पोलीस ठाणं आणि नातेवाइकांचे फोन यांतच जातात. भरपाईचा विचार कुणाला सुचत नाही आणि सुचला तरी बोलून दाखवायला जीभ रेटत नाही. पण दाव्याचं पुढे जे काही भलंबुरं होतं, ते बरंचसं याच दिवसांत तयार होणाऱ्या कागदांवर ठरतं. म्हणून घरातल्या निदान एका माणसाने, सख्ख्याने नाही तर चुलत-मावस भावाने, हे प्रश्न आधी वाचून ठेवावेत. इथली माहिती भारतातल्या कायद्याबद्दल आहे. प्रत्येक प्रकरणाचे बारकावे वेगळे असतात, तेव्हा कागद घेऊन वकिलाला भेटणं चुकवू नका.

माणूसच गेला. आता त्याच्या नावावर पैसे मागायचे का?

हा प्रश्न बहुतेक घरांत कुजबुजत विचारला जातो. बऱ्याचदा विधवा सूनच म्हणते की मला काही नको. तिचं दुःख खरं आहे. पण कायदा गेलेल्या माणसाची किंमत करत नाही. त्याच्या कमाईवर जे घर चालत होतं, ते घर उघडं पडू नये म्हणून हा हक्क दिलेला आहे. मुलांच्या शाळेची फी, आईबापांची औषधं, घराचे हप्ते दुसऱ्याच्या हयगयीमुळे थांबता कामा नयेत, इतकाच त्यामागचा विचार आहे. भरपाई मागणं म्हणजे कुणापुढे हात पसरणं नाही. आणि त्या पैशांवर मुलांचाही हक्क असतो, त्यामुळे मोठ्यांनी भावनेच्या भरात तो सोडून देऊ नये.

भरपाई देतो कोण? ड्रायव्हर तर गरीब आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे त्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे. ड्रायव्हरची चूक आणि मालकाची जबाबदारी सिद्ध झाली की रक्कम सहसा विमा कंपनी भरते. म्हणून दाव्यात ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांनाही सामनेवाले, म्हणजे दाव्यातली विरुद्ध बाजू, करतात. ‘त्या बिचाऱ्या ड्रायव्हरच्या पोटावर पाय का द्यायचा’ असं वाटून दावा न करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एसटीसारख्या सरकारी परिवहन महामंडळांना विम्यातून सूट मिळू शकते. तिथे महामंडळ स्वतःच रक्कम भरतं.

जखमीला दवाखान्यात न्यायचं आहे, पण हातात पैसे नाहीत.

आधी ११२ ला फोन लावा. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, पैसे न भरता उपचार मिळण्याची त्यात तरतूद आहे. गाडी कुणाची होती, विमा होता की नव्हता, हे त्यासाठी पाहिलं जात नाही. रुग्णालयाच्या काउंटरवर या योजनेचं नाव घेऊन विचारा, कारण आपण विचारल्याशिवाय ते सांगितलं जाईलच असं नाही.

जखमीला उचलून नेणाऱ्या अनोळखी माणसालाही कायद्याचं संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. पण तो स्वतःहून तयार असेल तर त्याचा फोन नंबर जरूर लिहून घ्या. तुमच्या दाव्यात तोच एकमेव डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार ठरू शकतो.

पोलिसांकडे काय काय बघायचं?

या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. भरपाईचा दावा जिथे चालतो त्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वर्षभराने जे सिद्ध करायचं असतं, त्याचा पाया इथे घातला जातो.

एफआयआर झाली का, त्यात गाडीचा नंबर बरोबर आहे का, अपघाताची वेळ आणि जागा बरोबर आहे का, हे तपासा. फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते. घटनास्थळ पंचनाम्यात गाड्या कुठे पडल्या होत्या, ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या, रस्त्याची कुठली बाजू होती, हे आलेलं असतं. तो पंचनामा होताना घरचं कुणीतरी तिथे असावं. जमलं तर त्याच दिवशी स्वतः फोटो काढा. जवळच्या दुकानाचा, पेट्रोल पंपाचा, सोसायटीचा सीसीटीव्ही असेल तर पोलिसांना तसं लेखी कळवा. बऱ्याच ठिकाणी जुनं चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

मृत्यू झाला असेल तर मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल दोन्ही लागतात. कधी जखमी माणूस काही आठवड्यांनी घरी दगावतो आणि घाईगडबडीत शवविच्छेदन न करता अंत्यविधी होतो. मग मृत्यू अपघातातल्या जखमेनेच झाला हे दाखवणं फार कठीण जातं. अशा वेळी मन घट्ट करून शवविच्छेदनाचा आग्रह धरा.

एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायची असते आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल सादर करायचा असतो. हा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरण्याची तरतूद कायद्यात आहे. ही प्रक्रिया आपल्या प्रकरणात चालू झाली का, हे ठाण्यात जाऊन विचारा. त्यावर विसंबून स्वतःचा अर्ज मात्र टाळू नका.

एफआयआरमध्ये आमच्याच माणसाची चूक दाखवली आहे. सगळं संपलं का?

नाही. मेलेला माणूस बोलू शकत नाही, समोरचा बोलतो, आणि पहिली फिर्याद त्याच्या तोंडून लिहिली जाते. असं वारंवार घडतं. घरच्यांनी लगेच लेखी जबाब द्यावा, साक्षीदारांची नावं द्यावीत आणि ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करावा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. एफआयआर हा शेवटचा शब्द नसतो. न्यायाधिकरण पंचनामा, गाड्यांचं नुकसान आणि साक्षी पाहून स्वतःचं मत बनवतं.

खरोखरच चूक सर्वस्वी आपल्याच माणसाची असेल, दुसरी गाडी गुंतलेलीच नसेल आणि तो स्वतःचीच गाडी चालवत असेल, तर थर्ड पार्टी विम्यातून दावा उभा राहत नाही. अशा वेळी पॉलिसीत मालक-चालकासाठीचं वैयक्तिक अपघात कवच आहे का ते पाहा. त्याची रक्कम साधारणतः १५ लाख असते आणि कित्येक घरांना ते असल्याचा पत्ताही नसतो.

गाडीवाला म्हणतो, आपसांत मिटवू. रोख पैसे देतो.

दवाखान्याच्या खर्चासाठी तो माणुसकीने काही देत असेल तर घ्या आणि किती घेतले ते लिहून ठेवा. पण ‘आमची काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही’ असं लिहिलेल्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. दहाव्या-बाराव्याच्या दिवसांत घेतलेल्या अशा सह्यांमुळे लाखोंचे दावे अडचणीत येतात. कोऱ्या कागदावर तर कुणासाठीही सही करू नका, मग तो माणूस गावातला कितीही मोठा असो.

दावा कुठे करायचा आणि किती दिवसांत?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे, यांतलं सोयीचं ठिकाण तुम्ही निवडायचं. नाशिकच्या माणसाचा सोलापूरजवळ अपघात झाला तर नाशिकला दावा करता येतो.

मुदतीबाबत जपून राहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. ही मुदत फार जाचक आहे म्हणून तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत. त्यामुळे मुदत उलटलेल्यांनी आशा सोडू नये, वकिलाला भेटून सध्याची स्थिती विचारावी. ज्यांचे सहा महिने अजून व्हायचे आहेत त्यांनी मात्र या आदेशाच्या भरवशावर एक दिवसही थांबू नये. शिवाय व्याज अर्ज केल्याच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही, म्हणजे उशिराचा तोटा तसाही आहेच.

दावा कोण करू शकतं?

जखमी स्वतः. मृत्यू झाला असेल तर कायदेशीर प्रतिनिधी, म्हणजे पत्नी, पती, मुलं, आईवडील. न्यायालयांनी ही व्याख्या उदार ठेवली आहे. लग्न झालेली मुलगी, कमावता मुलगा, जावयाकडे राहणारी सासू यांनाही अर्जदार होता आलं आहे. सासू-सुनेचं पटत नसेल तरी एकाच अर्जात सगळ्यांची नावं घाला. कुणाला किती वाटा द्यायचा ते न्यायाधिकरण ठरवतं. एकाने दुसऱ्याला वगळलं तर प्रकरण हमखास रेंगाळतं. आणि जखमी अर्जदार दावा चालू असताना वारला, अगदी दुसऱ्या कारणाने वारला, तरी त्याचा दावा वारसांना पुढे चालवता येतो.

विमा कंपनी सरळ पाच लाख देते म्हणते. घ्यावेत का?

कलम १६४ खाली कुणाची चूक होती हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. चूक सिद्ध करणं अवघड असेल तर हा रस्ता चांगला आहे. पण एक अट नीट वाचा: ही रक्कम ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे चूक सिद्ध करून मागायचा, तुमचा मोठा दावा आपोआप संपतो. घरातला तरुण कमावता माणूस गेला असेल तर कलम १६६ खालची रक्कम याच्या कित्येक पट होऊ शकते, ते पुढच्या उत्तरात दिसेल. म्हणून आधी हिशेब मांडा, मग सही.

मृत्यूच्या दाव्यात रक्कम ठरते कशी?

यात अंदाजपंचे काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत पद्धत आखून दिली आहे आणि ती कुणालाही कागद-पेन घेऊन करता येते.

वार्षिक उत्पन्न घ्यायचं. त्यात भविष्यातल्या वाढीची भर घालायची: कायम नोकरी असेल तर चाळिशीच्या आत ५० टक्के, ४० ते ५० वयात ३० टक्के, ५० ते ६० मध्ये १५ टक्के. ठरावीक पगार किंवा स्वतःचा धंदा असेल तर हेच आकडे ४०, २५ आणि १० टक्के. मग तो माणूस स्वतःवर जे खर्च करत होता ते वजा करायचं: अविवाहित असेल तर सहसा निम्मं, अवलंबून असलेले दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, त्याहून जास्त असतील तर एक पंचमांश. उरलेल्या रकमेला वयाप्रमाणे गुणकाने गुणायचं. १५ ते २५ वयाला गुणक १८, मग २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७ आणि त्यापुढे ५. वय मृत व्यक्तीचं धरायचं, अर्जदाराचं नाही. अविवाहित मुलगा गेला तरी त्याच्या आईबापांच्या वयावरून गुणक कमी करत नाहीत. विमा कंपनीचे वकील अजूनही कधी कधी तसं मांडतात, तेव्हा सावध असावं.

समजा ३४ वर्षांचा माणूस खासगी कंपनीत ठरावीक पगारावर महिना २०,००० कमावत होता. मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. वर्षाचे २,४०,०००, त्यात ४० टक्के भर म्हणजे ३,३६,०००. चौघे अवलंबून, म्हणून एक चतुर्थांश वजा, उरले २,५२,०००. गुणक १६. झाले ४०,३२,०००.

यावर सहवास गमावल्याबद्दल ४०,०००, अंत्यविधीचे १५,००० आणि संपत्तीच्या हानीचे १५,००० असे ठरलेले आकडे आहेत. २०१७ पासून दर तीन वर्षांनी त्यांत १० टक्के वाढ होते. सहवासाची रक्कम पत्नीला, प्रत्येक मुलाला आणि आईला वेगवेगळी मिळते. बरेच अर्ज ती एकदाच मागतात, ते तपासा. अर्जात मागणी कमी लिहिली गेली असली तरी न्याय्य ठरेल ती जास्त रक्कम न्यायाधिकरण देऊ शकतं.

पगाराची स्लिप नाही. शेती होती, मजुरी होती. उत्पन्न कसं दाखवायचं?

सातबारा, बाजार समितीच्या पट्ट्या, दूध डेअरीची बिलं, साखर कारखान्याची उसाची बिलं, बँकेचं खातेपुस्तक, जीएसटीची विवरणपत्रं, कर्जाच्या हप्त्यांची नोंद, जे असेल ते. गवंडी, सुतार, रिक्षाचालक यांच्यासाठी मुकादमाची किंवा नेहमीच्या गिऱ्हाइकाची साक्ष चालते. काहीच नसेल तर न्यायाधिकरण बहुधा किमान वेतनाचा आधार घेतं. पण कागद नाहीत म्हणजे किमान वेतनच, असा नियम नाही. माणूस कसा राहत होता, घर कसं चालवत होता, यावरून जास्त उत्पन्न धरता येतं. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा. आधार कार्डावरची जन्मतारीख वयाचा पुरावा म्हणून पुरेशी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं आहे. गुणक वयावर ठरतो, त्यामुळे एका वर्षाच्या फरकानेही रक्कम लाखाने बदलू शकते.

गेली ती गृहिणी होती. तिचं उत्पन्न शून्य धरतात का?

मुळीच नाही, आणि कुणी तसं म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा स्वयंपाक, मुलांचं संगोपन, म्हाताऱ्यांची शुश्रूषा, शेतातलं आणि गोठ्यातलं काम या सगळ्याला आर्थिक मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात गृहिणीचं मानीव (तिच्या कामाचं मोल म्हणून गृहीत धरलेलं) उत्पन्न धरून त्यावर भविष्यातली वाढही द्यावी, असं स्पष्ट केलं गेलं. अर्जात ‘गृहिणी’ हा एकच शब्द लिहून थांबू नका. ती शिवणकाम करायची, दूध घालायची, बचतगटात होती, शेतात राबायची, ते सगळं तपशिलाने लिहा.

जखमी वाचला, पण पूर्वीसारखं काम होत नाही. त्याला काय मिळतं?

इथे मृत्यूच्या दाव्यापेक्षा जास्त बाबी असतात: उपचारांचा झालेला आणि पुढचा खर्च, बुडालेला पगार, भविष्यातली घटलेली कमाई, यातना, सोबतीला लागणारा माणूस, प्रवास, सकस आहार, आयुष्यातला हरवलेला आनंद, तरुण मुलामुलींच्या बाबतीत लग्नात येणारी अडचण. दवाखान्याचं प्रत्येक बिल, औषधाची प्रत्येक पावती, रुग्णवाहिकेची चिठ्ठी एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा.

सगळ्यात मोठा वाद अपंगत्वाच्या टक्क्यांवर होतो. डॉक्टरांनी दाखल्यावर ४० टक्के लिहिलं म्हणजे कमाई ४० टक्केच घटली असं नसतं. राज कुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालाप्रमाणे त्या इजेने त्या माणसाच्या त्या कामावर काय परिणाम झाला, हे पाहायचं असतं. उजव्या पायाचं तेच अपंगत्व टेबलावर बसून काम करणाऱ्याला थोडं नडेल, पण ट्रकचालकाची सगळी रोजीरोटी घेऊन जाईल. म्हणून डॉक्टरांची साक्ष झाली पाहिजे आणि त्यांना नेमका हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे. केवळ दाखला जोडून भागत नाही. ज्याला आयुष्यभर कुणाच्या तरी मदतीची गरज आहे, त्याच्या सोबत्याचा खर्चही गुणक लावून मागता येतो. घरच्या बाईनेच त्याची सेवा केली तरी तो मागायचा. तिनेही आपलं काम सोडलेलंच असतं.

लहान मुलाला कायमचं अपंगत्व आलं तर ‘कमावत नव्हतं’ म्हणून तुटपुंजी रक्कम देऊन मोकळं होता येत नाही. २०२० मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कुशल कामगाराचं किमान वेतन धरून हिशेब केला होता.

हेल्मेट नव्हतं, मोटारसायकलवर तिघे होते. दावा बाद होईल का?

बाद होत नाही. ती वाहतूक नियमांची मोडतोड आहे, पण भरपाई कमी करायची तर त्या मोडतोडीमुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे विमा कंपनीने दाखवलं पाहिजे. तिघे बसले होते एवढ्यावरून रक्कम कापता येत नाही, असं २०२० चा मोहम्मद सिद्दीकी निकाल सांगतो. डोक्याच्या माराने मृत्यू झाला असेल आणि हेल्मेट नसेल तर काही टक्के कपात होऊ शकते. दोन्ही बाजूंची चूक निघाली तर आपल्या चुकीच्या प्रमाणात रक्कम घटते, उरलेली मिळते.

गाडी ठोकून पळून गेली. नंबरच माहीत नाही.

२०२२ च्या योजनेप्रमाणे मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. अर्ज न्यायाधिकरणात करायचा नसतो. तो अपघात झाला त्या उपविभागाच्या किंवा तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. या योजनेचा फायदा फार थोडी कुटुंबं घेतात, आणि त्याचं कारण एवढंच की त्यांना कुणी सांगत नाही. पुढे गाडी सापडली तर नियमित दावा करता येतो. त्यात भरपाई मिळाली की ही रक्कम परत करावी लागते.

गाडीचा विमा नव्हता, किंवा ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं.

लायसन्सचा दोष असेल तर विमा कंपनीने आधी पीडितांना पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश अनेकदा होतो. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोंच्या आतलं मालवाहू वाहन चालवता येतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने नक्की केलं आहे, त्यामुळे टेम्पोच्या बाबतीत लायसन्स चालत नव्हतं ही विमा कंपनीची सबब आता चालत नाही. विमाच नसेल तर रक्कम मालकाकडून, त्याच्या मालमत्तेतून वसूल करावी लागते. मालक म्हणाला की गाडी मी केव्हाच विकली, तर आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) कुणाच्या नावावर आहे ते पाहा. नोंदणीत ज्याचं नाव, तो जबाबदार.

तुम्ही मित्राच्या गाडीत किंवा दुचाकीवर मागे बसला असाल आणि तिची पॉलिसी केवळ थर्ड पार्टी असेल, तर त्या कंपनीकडून पैसे मिळणं कठीण असतं. पॅकेज (थर्ड पार्टीच्या पलीकडचं कवच देणारी) पॉलिसी असेल तर मिळतात. पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा.

एलआयसीचे आणि मेडिक्लेमचे पैसे मिळाले. ते भरपाईतून वजा होतात का?

आयुर्विम्याचे होत नाहीत. एसटी महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच ते सांगितलं. फॅमिली पेन्शनही वजा होत नाही. मेडिक्लेमबाबत मतभेद होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निर्णय दिला की स्वतः हप्ते भरून घेतलेल्या विम्याचा फायदा अपघात करणाऱ्याच्या विमा कंपनीला देता येणार नाही. मूळ बिलं मेडिक्लेमला द्यावी लागली असतील तर त्यांच्या प्रमाणित प्रती घेऊन ठेवा.

ड्रायव्हर फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला तर?

भरपाईचा दावा स्वतंत्र आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणात मात्र कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढंच पाहतात. त्या निकालाची वाट पाहत बसू नका.

खड्ड्यामुळे अपघात झाला. दुसरी गाडीच नव्हती.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिला की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५०,००० ते अडीच लाख रुपये संबंधित यंत्रणेने द्यावेत. त्यासाठी समित्या नेमण्यास सांगितलं असून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव त्यांत असतात. खड्ड्याचे फोटो त्याच दिवशी काढा, कारण अपघातानंतर तो बुजवायला वेळ लागत नाही.

लोकलमधून पडून मृत्यू झाला तर हेच न्यायाधिकरण का?

नाही, रेल्वे दावा न्यायाधिकरण. मृत्यूसाठी ८ लाख, मुदत एक वर्षाची. चालत्या गाडीतून पडणं यात येतं, रूळ ओलांडताना झालेला अपघात येत नाही. तिकीट किंवा पास सापडला नाही म्हणून दावा आपोआप फेटाळता येत नाही. तो माणूस प्रवासी होता हे घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगावं, मग ते खोडून काढणं रेल्वेचं काम. दारात उभा होता, निष्काळजी होता, ही सबबही रेल्वेला पुरत नाही.

वकिलाची फी परवडणार नाही. एकजण म्हणतो, मिळेल त्यातले तीस टक्के द्या.

निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. दवाखान्याच्या दारात येऊन वकीलपत्रावर सह्या मागणाऱ्या दलालांपासून तर लांबच राहा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. म्हणजेच अपघातात नवरा गमावलेल्या कुठल्याही बाईला वकील नाही म्हणून घरी बसावं लागू नये.

निकाल लागला. पैसे हातात कधी येतात?

लोकअदालतीत तडजोड झाली तर लवकर. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून वर दिलेला हिशेब स्वतः करून मगच आकड्याला हो म्हणा. पूर्ण खटला चालला तर वर्षं जाऊ शकतात, पण मधल्या काळाचं व्याज मिळतं. रक्कम थेट अर्जदाराच्या बँक खात्यात जमा करायचा आग्रह धरा. अज्ञान मुलांचा वाटा सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवतात. मोठ्यांच्या रकमेचा काही भागही बऱ्याचदा ठेवीत ठेवला जातो, म्हणजे नातेवाइकांच्या दडपणाखाली तो एका फटक्यात जात नाही. शिक्षण, आजारपण, घर अशा खऱ्या गरजेसाठी ठेव मोडायची परवानगी अर्ज करून मागता येते.

रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करा. वादातली रक्कम किमान एक लाख असावी लागते. विमा कंपनीने अपील केलं तर तिला आधी काही रक्कम जमा करावी लागते. अशा वेळी कंपनीकडून जास्त रक्कम जमा करून घेण्यासाठी आणि त्यातला काही भाग लगेच मिळण्यासाठी वकिलामार्फत अर्ज द्या. निकालाची प्रमाणित प्रत मिळण्यातही वेळ जातो, तेव्हा तिचा अर्ज निकालाच्या दिवशीच देऊन ठेवा.